दाढीवाला, एक तास आणि ४५ लाख डॉलर

पगाराची बोलणी फक्त आपल्याच ऑफिसात फिसकटतात असं वाटतंय? मग २०१२ सालची ही अमेरिकन गोष्ट वाचाच. इथला 'एम्प्लॉयी' होता २३ वर्षांचा बास्केटबॉलपटू, आणि दोन आकड्यांमधला फरक होता जेमतेम ४५ लाख डॉलरचा!

मार्च उजाडला की आमच्या ऑफिसच्या कॅन्टीनमधले विषय बदलतात. गोव्याचा प्लॅन, नवीन बाइक, कुणाचं कुणाशी जमलंय हे सगळं मागे पडतं आणि एकच विषय उरतो. अप्रेझल! कुणाला किती टक्के, कुणाच्या खिशात दुसऱ्या कंपनीचं ऑफर लेटर, कोण पेपर टाकणार... अशा वेळी मी हमखास एकाच माणसाची गोष्ट सांगते. तो आमच्या कंपनीतला नाही, आमच्या फील्डमधला तर नाहीच नाही. त्याचं नाव जेम्स हार्डन. छातीकडे झुकणारी काळीभोर दाढी, डावखुरा, आणि बॉल हातात आला की समोरच्याला अक्षरशः नाचवणारा.

एनबीएच्या मॅच आपल्याकडे सकाळी लागतात. ऑफिसची बस येईपर्यंत चहाबरोबर एखादा क्वार्टर बघायची सवय मला लागली ती याच माणसाच्या टीममुळे. आणि त्या टीमची गोष्ट ज्या रात्री बदलली, ती अमेरिकेतली शनिवारची रात्र होती. तारीख २७ ऑक्टोबर २०१२. आपल्याकडे रविवारची सकाळ.

सगळे तेविशीच्या आतले!

टीमचं नाव ओक्लाहोमा सिटी थंडर. २००८ मध्ये सिएटलहून उचलून ओक्लाहोमात आणलेली. शहर तसं छोटं, २०१२ मध्ये वस्ती सहा लाखांच्या आसपास. म्हणजे मुंबई-पुण्याच्या हिशेबात एखादं उपनगरच म्हणा ना.

एनबीएमध्ये नवीन पोरांची एक प्रकारची कॅम्पस प्लेसमेंट होते, तिला ड्राफ्ट म्हणतात. फरक इतकाच, की कंपनी तुम्ही निवडायची नसते. कंपनी तुम्हाला उचलते! थंडरचे जनरल मॅनेजर सॅम प्रेस्टी हे या उचलण्यात एकदम उस्ताद. २००७ मध्ये त्यांनी केव्हिन ड्युरांट घेतला, २००८ मध्ये रसेल वेस्टब्रूक, त्याच वर्षी २४ व्या नंबरवर सर्ज इबाका, आणि २००९ मध्ये तिसऱ्या नंबरवर आपला दाढीवाला. जून २०१२ मध्ये ही टीम थेट फायनलला पोचली, तेव्हा चौघांपैकी एकही २३ च्या पुढे नव्हता. मायामी हीटने त्यांना ४-१ असं हरवलं. हार्डन त्या फायनलमध्ये चाचपडला हे खरं, पण कुणी फारसं मनावर घेतलं नाही. सगळ्यांना वाटत होतं की ही पोरं आता दरवर्षी इथे येणार.

या चौघांत हार्डनची जागा जरा वेगळी होती. तो मॅच सुरू होताना कोर्टवर नसायचा. बेंचवरून यायचा आणि गेम फिरवायचा. त्या सीझनला बेंचवरच्या सर्वोत्तम खेळाडूचं, म्हणजे 'सिक्स्थ मॅन'चं बक्षीस त्यालाच मिळालं. ऑगस्टमध्ये लंडन ऑलिम्पिकचं गोल्ड मेडल ड्युरांट आणि वेस्टब्रूकच्या जोडीला त्याच्याही गळ्यात होतं. थोडक्यात, टीममधला तिसरा माणूस, पण दुसरीकडे गेला असता तर पहिला!

चौथ्याने ऍडजस्ट करायचं

पहिल्या फेरीत ड्राफ्ट झालेल्या पोराचा सुरुवातीचा पगार जवळजवळ छापील असतो. त्यात घासाघीस करायला फारशी जागा नसते. खरी बोलणी होतात ती तीन सीझन झाल्यावर, चौथ्याच्या तोंडावर. तेव्हा टीम त्याला नवीन कॉन्ट्रॅक्ट देऊ शकते. २०१२ मध्ये त्याची शेवटची तारीख होती ३१ ऑक्टोबर.

ड्युरांटला २०१० मध्येच नियमात बसेल तितका पूर्ण पैसा मिळाला होता. वेस्टब्रूकला जानेवारी २०१२ मध्ये पाच वर्षांचे सुमारे ८ कोटी डॉलर. ऑगस्टमध्ये इबाकाने चार वर्षांच्या सुमारे ४ कोटी ८० लाखांवर सही केली. राहिला होता फक्त हार्डन.

त्या वेळी आलेल्या बातम्यांनुसार हार्डनला नियमाप्रमाणे चार वर्षांचे जास्तीत जास्त ६ कोटी डॉलरच्या आसपास मिळू शकत होते. थंडरची शेवटची ऑफर गेली साडेपाच कोटींच्या थोडी वर. फरक साधारण ४५ लाख डॉलर. त्या वेळच्या भावाने २४-२५ कोटी रुपये. आपल्यासाठी सात जन्मांची सोय. पण टक्क्यांत बघितलं तर? साडेसात-आठ टक्के! म्हणजे अगदी आपल्या अप्रेझलमधल्या भांडणाएवढंच.

आता हार्डनच्या जागी बसून बघा. पुढच्या दोघांना पूर्ण पैसे मिळाले. आणि तुमची वेळ आली की सांगतात, "अरे, आपण एक फॅमिली आहोत, जरा समजून घे." फॅमिलीत धाकट्यालाच नेहमी मोठ्याचे कपडे का घालायला लागतात हा प्रश्न त्याला पडला असेल, तर त्यात काय चूक?

कंपनीचा हिशेब

पण प्रेस्टींनाही लगेच व्हिलन करू नका. एनबीएमध्ये पगाराला छत असतं, त्याला सॅलरी कॅप म्हणतात. २०१३-१४ च्या सीझनसाठी ते छत सुमारे ५ कोटी ८७ लाख डॉलर होतं. हार्डनला पूर्ण पैसे दिले असते तर या चौघांच्या पगारातच जवळजवळ तेवढी रक्कम संपली असती. आणि टीममध्ये माणसं असतात पंधरापर्यंत. उरलेल्यांनी काय हवा खायची?

छत ओलांडता येतं, पण त्याच्याही वर एक रेषा असते. तिच्या पलीकडे गेलात की लक्झरी टॅक्स. २०११ मध्ये मालक आणि खेळाडूंच्या भांडणात सीझन दोन महिने उशिरा सुरू झाला आणि नवा करार आला. आधी रेषेवरच्या एका डॉलरला एक डॉलर दंड होता. नव्या करारानुसार २०१३-१४ पासून पहिल्या ५० लाखांपर्यंत दर डॉलरमागे दीड डॉलर, पुढच्या टप्प्याला पावणेदोन, मग अडीच, मग सव्वातीन. वारंवार रेषा ओलांडणाऱ्याला त्याहून जास्त. न्यूयॉर्क-लॉस एंजेलिसच्या टीमना हे जड नाही, त्यांच्या टीव्हीचा पैसाच तेवढा असतो. ओक्लाहोमासारख्या शहरात मात्र मालकाला घाम फुटतो.

आणखी एक मेख. तरुण खेळाडूंपैकी पाच वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट टीमला एकालाच देता येत होतं. ते वेस्टब्रूकला देऊन झालं होतं. म्हणजे हार्डनला पैसेही कमी आणि वर्षंही कमी.

टीकाकार म्हणतात की पैसे वाचवायचेच होते, तर केंड्रिक पर्किन्स या सिनियर सेंटरचं जड कॉन्ट्रॅक्ट हिशेबातून काढायची सोय नव्या करारात होती. ती वापरली नाही. ऑफिसात असतो ना, ज्याला कुणी हात लावत नाही असा एक जुना सिनियर? तसंच काहीसं.

साठ मिनिटं

आणि मग आला तो दिवस. हार्डनने नंतर मुलाखतीत सांगितलं की शेवटच्या ऑफरवर विचार करायला त्याला एक तास मिळाला. तीन वर्षं ज्या टीमसाठी बेंचवरून उठून खेळला, तिच्याकडून साठ मिनिटं! त्याने होकार दिला नाही. आणि थंडरने ३१ तारखेपर्यंत वाट न बघता त्याच रात्री त्याला ह्यूस्टन रॉकेट्सकडे पाठवलं.

यालाच ट्रेड म्हणतात. नोकरी तुम्ही सोडत नाही आणि तुम्हाला काढतही नाहीत. तुमचं कॉन्ट्रॅक्ट उचलून दुसऱ्या शहरातल्या कंपनीला दिलं जातं. तुमची परवानगी लागतेच असं नाही. हार्डनसोबत आणखी तीन खेळाडू गेले. बदल्यात थंडरला मिळाले केव्हिन मार्टिन हा अनुभवी स्कोअरर, जेरेमी लॅम्ब हा नवा मुलगा, आणि पुढच्या ड्राफ्टमधले तीन हक्क, दोन पहिल्या फेरीचे आणि एक दुसऱ्या.

इथे मला खटकते ती गोष्ट वेगळीच. घाई कशाची होती? बोलणी फिसकटली असती तरी हार्डन अजून एक पूर्ण सीझन थंडरकडेच खेळणार होता. त्यानंतरही तो पूर्ण मोकळा होणार नव्हता. दुसऱ्या टीमने ऑफर दिली असती, तर तेवढेच पैसे देऊन त्याला ठेवून घ्यायचा हक्क थंडरचा होता. याला रिस्ट्रिक्टेड फ्री एजंट म्हणतात. आजही यात पोरं लटकतात. २०२५ च्या उन्हाळ्यात गोल्डन स्टेटच्या जोनाथन कुमिंगाचं घोडं असंच तीन महिने अडलं होतं, ते सप्टेंबरच्या अखेरीस दोन वर्षांच्या कॉन्ट्रॅक्टवर सुटलं. थंडरला मात्र टांगती तलवार नको होती. हाताशी आहे तोवर भाव घ्यायचा, हा हिशेब.

पुढे काय झालं?

ह्यूस्टनने हार्डनला पाच वर्षांचे सुमारे ८ कोटी डॉलर दिले. शिवाय टेक्ससमध्ये राज्याचा इन्कम टॅक्स नाही, ओक्लाहोमात आहे. सीटीसी आणि इन-हँडमधला फरक तुम्हाला मी काय सांगू! चार दिवसांनी नव्या टीमच्या पहिल्या मॅचमध्ये त्याने ३७ पॉइंट मारले. दुसऱ्या मॅचमध्ये ४५. बेंच संपला होता.

त्याच सीझनच्या प्लेऑफमध्ये पहिल्याच फेरीत थंडरची गाठ पडली ती नेमकी ह्यूस्टनशी. थंडर जिंकले, पण दुसऱ्या मॅचमध्ये ह्यूस्टनच्या पॅट्रिक बेव्हर्लीशी धडक होऊन वेस्टब्रूकचा गुडघा गेला आणि पुढच्या फेरीत टीम मेम्फिससमोर आटोपली. त्या दिवसांत बेंचवरून उठून मॅच फिरवणारा एक दाढीवाला त्यांच्याकडे असता तर?

केव्हिन मार्टिन एका सीझननंतर निघून गेला. ड्राफ्टच्या एका हक्कातून स्टीव्हन ऍडम्स हा दणकट सेंटर मिळाला, तो मात्र बरीच वर्षं टिकला. २०१६ मध्ये थंडर गोल्डन स्टेटविरुद्ध ३-१ ने पुढे असून हरले आणि त्या उन्हाळ्यात खुद्द ड्युरांट गोल्डन स्टेटला निघून गेला. बदल्यात थंडरला काहीच मिळालं नाही. ज्या भीतीपोटी हार्डनला घालवलं, ती अशी दुसऱ्याच दाराने आली.

ड्युरांट २०१४ चा एमव्हीपी, म्हणजे सीझनचा सर्वोत्तम खेळाडू. वेस्टब्रूक २०१७ चा. हार्डन २०१८ चा. तीन एमव्हीपी एके काळी एकाच ड्रेसिंग रूममध्ये बसत होते, आणि तिघांनी मिळून एकही टायटल जिंकलं नाही! ड्युरांटने गोल्डन स्टेटकडून दोन जिंकली. २०१८ मध्ये हार्डनचं ह्यूस्टन फायनलपासून एका विजयावर होतं, तेव्हा समोर ड्युरांटच होता. ह्यूस्टन हरलं. पुढे हार्डन ब्रुकलिनला गेला, फिलाडेल्फियाला गेला, लॉस एंजेलिसला गेला. २०२५ चा सीझन संपेपर्यंत तरी त्याच्या बोटात चॅम्पियनशिपची अंगठी नव्हती. आणि ओक्लाहोमा सिटी? जून २०२५ मध्ये, नव्या पोरांसह, त्याच सॅम प्रेस्टींच्या हाताखाली अखेर चॅम्पियन झाली. मधे तेरा वर्षं गेली.

मग चुकलं कोण?

कॅन्टीनमध्ये ही गोष्ट संपली की दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते, हार्डनने ४५ लाख सोडायला हवे होते, त्या टीमबरोबर तीन-चार टायटलं घेतली असती. दुसरी म्हणते, वेडे का? बेंचवर बसून एमव्हीपी कोण झालंय?

मला विचाराल तर दोघंही पैशाबद्दल बोलतच नव्हते. हार्डनला विचारायचं होतं, 'मी तुमच्यासाठी कोण आहे?' आणि टीम उत्तर देत होती, 'आम्हाला तू केवढ्याला पडतोस.' असे दोन वेगळे प्रश्न एकाच आकड्यात कोंबले आणि वर एक तासाचं घड्याळ लावलं, की आकडा कितीही गोड असो, सही होत नाही. साडेसात टक्क्यांवर माणूस जात नाही हो. 'तुझ्याशिवाय चालेल' हे कानावर पडलं की जातो.

आमच्या एका मित्राला मागच्या वर्षी असंच सांगण्यात आलं, "संध्याकाळपर्यंत काय ते कळव." त्याने शांतपणे एवढंच विचारलं, "सोमवारी कळवलं तर ऑफर रद्द होते का?" नाही झाली. सोमवारी त्याने सही केली, आणि आजही तिथेच आहे, बऱ्यापैकी खूश. प्रत्येकाला सोमवार मिळेलच असं नाही, हार्डनला नाही मिळाला. पण विचारायला काय जातंय?

तर यंदा केबिनमध्ये शिरायच्या आधी टिश्यू पेपरवर का होईना, दोन गोष्टी लिहून घ्या. किती कमी मिळालं तरी मी इथे राहीन? आणि इथून गेले तर पैशांशिवाय माझं काय सुटेल? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पहिल्यापेक्षा लांब आलं, तर घासाघीस जरा हसत करा. आणि कोरंच राहिलं, तर बॉसने घड्याळ दाखवायच्या आत सीव्ही अपडेट करून ठेवा!