उत्खनित कुट्टिमांचे संरक्षण : कुही परिसराच्या संदर्भात

‘कुट्टिम’ म्हणजे कुटून, ठोकून पक्की केलेली जमीन. रंगीत दगडांचे लहान तुकडे चुन्यात बसवून जेव्हा अशा जमिनीवर आकृती साधली जाते, तेव्हा तिला कुट्टिमचित्र अथवा मोझेइक म्हणतात. ग्रीक-रोमन जगात ही कला विशेष विकसित झाली. विदर्भातील उत्खननांत अशी चित्रकुट्टिमे आढळत नाहीत. येथे विटांची फरसबंदी, चुन्याचा गिलावा आणि चोपून केलेली मातीची जमीन हे प्रकार अपेक्षित असतात. तथापि जमीन उघडी पडल्यानंतर तिच्या नाशाची जी कारणे असतात, ती दोन्हीकडे बव्हंशी समान आहेत. त्यामुळे कुट्टिमचित्रांच्या संरक्षणातून प्राप्त झालेला अनुभव येथील संशोधकांनाही मार्गदर्शक ठरतो.

कुट्टिम हा केवळ पृष्ठभाग नव्हे, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. इ. स. पूर्व पहिल्या शतकातील रोमन वास्तुशास्त्रज्ञ व्हिट्रुव्हियस याने आपल्या ग्रंथाच्या सातव्या भागात त्याची रचना सांगितली आहे. तळाशी मुठीएवढ्या दगडांचा थर, त्यावर तीन भाग खडी व एक भाग चुना यांचा ठोकून घट्ट केलेला थर आणि त्यावर तीन भाग खापरांचा चुरा व एक भाग चुना यांचा, सहा अंगुळांहून कमी नसलेला थर असे. दगडाचे तुकडे बसतात ते या सर्वांच्या वर. खापरांचा चुरा व चुना यांचे हे मिश्रण म्हणजे आपल्याकडील सुरखी-चुन्याचेच सख्खे भावंड होय. भाजलेल्या मातीतील सिलिका चुन्याशी संयोग पावते आणि त्यामुळे ओलाव्यातही टिकणारा, परंतु हवा व बाष्प यांना वाट देणारा चुना तयार होतो.

हे थर दुर्लक्षित राहिल्यामुळे पूर्वी मोठी हानी झाली. चित्राच्या पृष्ठभागावर सरसाने कापड चिकटवावयाचे, खालून चित्र कापून सोडवावयाचे आणि ते संग्रहालयात न्यावयाचे, अशी पद्धत दीर्घकाळ रूढ होती. विसाव्या शतकात उचललेली चित्रे लोखंडी सळया घातलेल्या सिमेंट काँक्रीटवर बसविण्यात आली. लोखंड गंजले म्हणजे त्याचे आकारमान कित्येक पटींनी वाढते. त्या दाबाने काँक्रीट फुटले आणि त्याबरोबर चित्रेही तडकली. शिवाय सिमेंटमधील विद्राव्य क्षार दगडांत शिरले. जागेवर उरलेल्या थरांतील पुरावा, म्हणजे जमीन केव्हा घातली, किती वेळा दुरुस्त केली आणि खाली कोणती वस्ती होती याची साक्ष, ती तर कायमचीच नष्ट झाली. १९६४ च्या व्हेनिस सनदेने वास्तू ही तिच्या स्थानापासून अविभाज्य असल्याचे तत्त्व मांडले. १९७७ मध्ये रोम येथे कुट्टिमचित्रांच्या संरक्षणासाठी आंतरराष्ट्रीय समिती स्थापन झाली. तेव्हापासून जागेवरच रक्षण करावे, हा विचार उत्तरोत्तर दृढ होत गेला.

कुही तालुक्याच्या संदर्भात हा विचार दूरचा नाही. तालुक्यातील मांढळ येथे १९७०-८० च्या दशकात नागपूर विद्यापीठाच्या विभागाने केलेल्या उत्खननात वाकाटककालीन विटांच्या वास्तूंचे अवशेष व शैव मूर्ती मिळाल्या. येथूनच वाकाटक राजांचे ताम्रपटही उपलब्ध झाले आहेत. अडम येथील तटबंदीयुक्त प्राचीन वस्तीचे उत्खनन भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने १९८८ नंतरच्या काळात केले. मूर्ती व ताम्रपट संग्रहालयात सुरक्षित राहू शकतात. ज्या जमिनीवर त्या मूर्ती उभ्या होत्या, ती मात्र हलविता येत नाही. आणि मूर्तीचे मूळ स्थान, प्रवेशाची दिशा, वास्तूची पुनर्बांधणी यांचा उलगडा पुष्कळदा त्या जमिनीवरूनच होतो.

विदर्भातील काळी माती हा या प्रश्नाचा खास घटक होय. तिच्यातील चिकणखनिजे पावसाळ्यात पाणी शोषून फुगतात व उन्हाळ्यात आकसून मातीला खोल भेगा पाडतात. शतकानुशतके झाकलेली फरसबंदी मातीतील ओलाव्याशी समतोल साधून असते. उत्खननाने हा समतोल एकाएकी मोडतो. उन्हाने पृष्ठभाग सुकतो, खालचे पाणी केशाकर्षणाने वर येते, बाष्पीभवन होताना विरघळलेले क्षार पृष्ठभागालगत स्फटिकरूप धारण करतात आणि विटेचे पापुद्रे सुटू लागतात. पुढील पावसात सांध्यांतील माती वाहून जाते व तेथे झुडुपांची मुळे शिरतात. ही झीज काही मोसमांतच डोळ्यांना दिसू लागते.

यावर सर्वांत स्वस्त व विश्वसनीय उपाय म्हणजे पुनर्भरण, अर्थात अभ्यास पूर्ण होताच अवशेष शास्त्रीय रीतीने पुन्हा झाकणे. त्यासाठी प्रथम आरेखन व छायाचित्रण पूर्ण करावे. सुट्या कडा चुन्याने आवळाव्यात. सिमेंट वर्ज्य समजावे. पुढील उत्खननकाराला मूळ पातळी ओळखता यावी म्हणून पाणी व हवा जाऊ देणारे विभाजक वस्त्र अंथरावे. प्लास्टिकचा कागद ओलावा कोंडतो, म्हणून तो टाळावा. त्यावर धुतलेल्या, क्षाररहित नदीवाळूचा थर द्यावा; काळी माती थेट विटांवर टाकू नये. वर उतार ठेवून पाणी बाहेर काढावे आणि खोल मुळांची झुडुपे वाढू देऊ नयेत. पुनर्भरण म्हणजे विस्मरण नव्हे. भरलेल्या जागेची नियमित पाहणी हा उपचाराचाच भाग आहे.

मात्र जागेवर रक्षण हा नियम असला तरी जलाशयापुढे त्याला मर्यादा पडते. तुर्कस्तानातील झ्युग्मा येथे २००० मध्ये बिरेजिक धरणाचे पाणी चढू लागल्याने कुट्टिमचित्रे घाईने उचलावी लागली. भारतात नागार्जुनकोंड्याचे निवडक अवशेष जलाशय भरण्यापूर्वी हलविण्यात आले. वैनगंगेवरील गोसीखुर्द धरणाच्या जलाशयाने कुही तालुक्यातील गावांनाही स्पर्श केला आहे. अशा प्रदेशात प्रत्यक्ष बुडणाऱ्या जमिनीइतकाच काठालगतच्या जमिनीचाही विचार आवश्यक ठरतो. कारण पाण्याची पातळी चढत-उतरत राहिली म्हणजे भूगर्भातील ओलावा बदलतो, आणि क्षारांचे कार्य न खणलेल्या अवशेषांतही सुरू होऊ शकते.

सारांश, संरक्षण ही उत्खनन संपल्यावर करावयाची गोष्ट नव्हे. वाळू, चुना, वस्त्र, कारागीर आणि पुढील पाहणी यांची तरतूद पहिला खड्डा घेण्यापूर्वीच झाली पाहिजे. जी जमीन झाकण्याची सिद्धता नाही ती उघडू नये, हा दंडक संशोधकाच्या जिज्ञासेला आवर घालणारा वाटेल. परंतु पुढील पिढीला प्रश्न विचारण्यासाठी काही शिल्लक राहील, ते त्याच्याच पालनामुळे.