फुटबॉलची प्रतिकृति आणि व्यूहाची किंमत

अमेरिकेंत ज्याला फुटबॉल म्हणतात तो खेळ इकडे परिचित असलेल्या फुटबॉलहून अगदीं निराळा आहे. त्यांतील चेंडू लंबगोल असतो. तो हातांत घेऊन धांवतां येतें आणि पुढें फेकतांहि येतो. दोन्ही बाजूंस अकरा-अकरा गडी असतात. चढाई करणाऱ्या बाजूला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढें सरकावें लागतें. तितकें साधलें तर पुन्हां चार प्रयत्न मिळतात, न साधलें तर चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. प्रथमच पाहणारास हा नुसता धक्काबुक्कीचा प्रकार वाटतो. परंतु या खेळाचें मर्म धक्काबुक्कींत नसून दोन प्रयत्नांमधल्या विश्रांतींत आहे. त्या थोड्याशा अवधींत चढाईची बाजू आपला पुढील डाव गुपचूप ठरवते, आणि बचावाची बाजू तो ओळखण्याचा प्रयत्न करून आपला व्यूह मांडते. बुद्धिबळांत एकानें चाल केल्यावर दुसरा विचार करतो; येथें दोघांनाहि परस्परांची चाल नीट न कळतां आपापला निर्णय घ्यावा लागतो.

हाच खेळ मैदानावांचून, घरीं बसून, फांसे आणि पत्ते घेऊन किंवा संगणकाच्या पडद्यावर खेळण्याची अमेरिकनांची हौस जुनी आहे. अशा प्रतिकृति-खेळांपुढील अवघड प्रश्न चित्र हुबेहूब दिसण्याचा नाहीं. खरे प्रशिक्षक चढाईचे आणि बचावाचे जे व्यूह मांडतात ते आंकड्यांत कसे उतरवावे, आणि उतरवितांना त्यांचा खरेपणा कसा राखावा, हा तो प्रश्न होय.

हॅल रिचमन यांच्या स्ट्रॅट-ओ-मॅटिक या कंपनीनें १९६८ सालीं काढलेल्या फुटबॉलच्या खेळानें यावर एक सुटसुटीत तोड शोधली. खेळाडूंच्या खऱ्या हंगामांतील कामगिरीवरून त्यांचीं पुठ्ठ्याचीं पत्रें तयार करण्यांत आलीं. चढाई करणारा आपला डाव मनांत ठरवतो : मधून घुसावें, कडेनें धांवावें, आंखूड फेक करावी कीं लांब. बचाव करणारा ‘आतां धांव येईल’ किंवा ‘आतां फेक येईल’ असा कयास बांधतो. मग फांसे पडतात. बचावाचा कयास बरोबर ठरला तर एक फळ, आणि चुकला तर दुसरें, अशीं एकाच दानाचीं दोन फळें पत्रावर लिहिलेलीं असतात. साधन अगदीं साधें. पण त्यांत एक मोठें तत्त्व सांठविलेलें आहे. कोणताहि डाव स्वतः चांगला किंवा वाईट नसतो. समोरच्या व्यूहामुळें तो तसा ठरतो.

हें तत्त्व एका काल्पनिक कोष्टकानें स्पष्ट होईल. समजा, बचाव धांवेसाठीं सज्ज असतां धांव घेतली तर २ यार्ड मिळतात, आणि तो फेकीसाठीं सज्ज असतां घेतली तर ७. उलट, बचाव फेकीसाठीं सज्ज असतां फेक केली तर ३ यार्ड, आणि तो धांवेसाठीं सज्ज असतां केली तर ९. आतां नेहमीं फेकच करणाराचा डाव लवकरच ओळखला जाईल, आणि त्याला ३ यार्डांवर समाधान मानावें लागेल. नेहमीं धांवणाराच्या पदरीं तर २ च पडतील. परंतु अकरा डावांपैकीं सहा वेळां धांव आणि पांच वेळां फेक, तीहि कोणताच ठराविक क्रम न ठेवतां, अशी सरमिसळ केली तर बचावानें कांहींहि केलें तरी सरासरी ५ यार्डांहून थोडी अधिकच पडते. एकाचा लाभ तीच दुसऱ्याची हानि अशा दोघांच्या सामन्यांत दोन्ही पक्षांना उत्तम अशी सरमिसळ असतेच, हें जॉन फॉन नॉयमन यांनीं १९२८ सालीं गणितानें सिद्ध केलें. अर्थात् चौथ्या प्रयत्नांत एकच यार्ड हवें असतां हें कोष्टक एक असेल, आणि तिसऱ्यांत दहा हवे असतां दुसरें. पण कोणत्याहि कोष्टकांत एकच डाव सर्व व्यूहांवर सरस ठरूं लागला, कीं तेथें विचार संपला आणि खेळहि संपला.

म्हणून प्रत्येक व्यूहाची किंमत प्रतिकृतींत दिसली पाहिजे. क्रिकेटच्या कप्तानानें स्लिपमध्यें चार गडी उभे केले, कीं दुसरीकडे कोठें तरी मोकळी जागा पडतेच. फुटबॉलमध्येंहि तेंच. १९८५ सालच्या शिकागो बेअर्स संघाचा बचाव अजून दाखला म्हणून सांगितला जातो. बडी रायन या प्रशिक्षकानें त्यासाठीं ‘सेहेचाळीस’ नांवाचा व्यूह वापरला. हें नांव डग प्लँक या खेळाडूच्या अंगरख्यावरील क्रमांकावरून पडलें होतें. या व्यूहांत आठ गडी पुढच्या रेषेजवळ आणून क्वार्टरबॅकला, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या मुख्य गड्याला, फेकण्यापूर्वींच गांठावयाचें असे. नियमित हंगामाच्या सोळा सामन्यांत प्रतिपक्षांना मिळून अवघे १९८ गुण करतां आले, आणि बेअर्सनीं पंधरा सामने जिंकले.

एक सामना मात्र ते हरले. २ डिसेंबर १९८५ रोजीं मायामी डॉल्फिन्सनीं त्यांचा ३८-२४ असा पराभव केला. डॉन शूला यांच्या या संघानें झेल घेणारे तीन गडी पसरून उभे केले. त्यांतील नॅट मूर याच्या वांट्याला बचावाचा चपळ पहारेकरी न येतां दुसऱ्या फळींतला वजनदार गडी आला, आणि डॅन मरीनो यानें झटपट फेकी करून या विषम जोडीचा फायदा घेतला. ज्या प्रतिकृतींत बेअर्सच्या बचावाला शंभरांपैकीं नव्याण्णव असा एकच आंकडा दिलेला असेल, तिला हा पराभव केवळ फांशांची लहर वाटेल. ज्या प्रतिकृतींत आठ गडी पुढें गेल्यावर मागें तीनच उरतात, ती त्याचें कारण सांगूं शकेल.

गड्यांच्या संख्येचें हें महत्त्व जॉन मॅडन यांनीं ओळखलें होतें. १९६९ ते १९७८ पर्यंत ते ओकलंड रेडर्सचे मुख्य प्रशिक्षक होते. त्यांच्या नांवानें संगणकाचा खेळ काढूं पाहणारे ट्रिप हॉकिन्स यांची अडचण अशी कीं, त्या वेळच्या यंत्रांना बावीस गडी हलविणें झेपत नव्हतें. म्हणून थोड्या गड्यांवर भागवावें असा विचार पुढें आला. मॅडन यांनीं तो साफ नाकारला. अकरा गडी नसतील तर तो फुटबॉल नव्हे, ही त्यांची भूमिका होती. खेळ निघावयास त्यामुळें उशीर झाला, आणि तो १९८८ सालीं बाहेर पडला. हा हट्ट दिसण्यापुरता नव्हता. गडी कमी केले कीं कोणाला पुढें न्यावें आणि कोणाला मागें ठेवावें ही निवडच उरत नाहीं, आणि निवड गेली कीं व्यूह गेला.

गुणांचें मोजमापहि असेंच व्यूहावर अवलंबून असतें. १९७० सालीं सिनसिनाटी बेंगल्समध्यें सहायक असलेल्या बिल वॉल्श यांच्या हातीं व्हर्जिल कार्टर हा क्वार्टरबॅक आला. त्याच्या फेकींत लांबचा पल्ला नव्हता, पण अचूकपणा होता. वॉल्श यांनीं मैदानाच्या रुंदीचा उपयोग करून आंखूड, नेमक्या वेळेच्या फेकींचा व्यूह रचला. पुढें सॅन फ्रॅन्सिस्कोच्या संघाला त्यांनीं याच पद्धतीनें तीन वेळां सुपर बोल जिंकून दिला. तेव्हां ‘हातांतील जोर’ हा गुण एका व्यूहांत सोन्याच्या मोलाचा, तर दुसऱ्यांत बेताचाच. प्रतिकृति घडविणारानें सर्व गुणांची नुसती बेरीज केली, तर कार्टरसारखा खेळाडू कायमचा निरुपयोगी ठरेल आणि वॉल्श यांची कल्पकता अदृश्य होईल.

ही काळजी सुटली म्हणजे काय होतें, याचें उदाहरण मॅडन यांच्याच नांवाच्या मालिकेंत मिळतें. २००३ सालीं निघालेल्या ‘मॅडन एनएफएल २००४’ मध्यें अटलांटा फाल्कन्सच्या मायकेल व्हिक याला इतकी गति देण्यांत आली होती, कीं त्याच्यापुढें बहुतेक व्यूह व्यर्थ ठरत. पडद्यावर तो असा अजिंक्य असतां खरा व्हिक पाय मोडल्यामुळें त्या हंगामाच्या बहुतेक काळ मैदानाबाहेर होता. मित्रामित्रांत व्हिकच्या संघाविरुद्ध खेळणें हा अन्याय मानला जाऊं लागला. खेळणारांना त्यापासून मौज मिळाली खरी. पण चढाई आणि बचाव यांविषयीं शिकण्यासारखें त्यांत फारसें उरलें नाहीं.

प्रतिकृतीच्या खरेपणाची कसोटी म्हणून अशी लावावी : एकच हंगाम तिच्यावर हजार वेळां खेळवून पाहावा. सरासरी खऱ्याशीं जुळली एवढ्यानें भागणार नाहीं. बलाढ्य संघ पुष्कळदां जिंकला पाहिजे, क्वचित् हरलाहि पाहिजे, आणि जेव्हां हरेल तेव्हां त्याच्या व्यूहांत जेथें उणीव आहे तेथूनच हरला पाहिजे. अशा खेळापुढें बसलेला मुलगा एक गोष्ट खेळतां खेळतांच शिकतो : प्रत्येक बळकटीसाठीं कोठें तरी दुबळेपणा पत्करावा लागतो, आणि तो कोठें पत्करावा हें जाणणें म्हणजेच डावपेंच. ज्या खेळांत एक हुकमी डाव सांपडतो, तो खेळ त्याला याच्या नेमकें उलट शिकवतो.