संमतीचा शब्द

पैठण ही सातवाहनांची राजधानी. याच घराण्यातल्या कुंतल देशाच्या सातकर्णीने प्रणयात 'कर्तरी' नावाचा प्रहार केला आणि राणी मलयवती मेली, असं वात्स्यायनाने कामसूत्रात नोंदवलं आहे. प्रणयातले प्रहार, नखक्षतं, दंतक्षतं यांवर त्याने प्रकरणं लिहिली. त्यामुळे बांधणं, मारणं, हुकूम मानणं यांतून मिळणारं कामसुख, म्हणजे आजचं बीडीएसएम, ही पाश्चात्त्य विकृती आहे हा आक्षेप टिकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ साली मंजूर केलेल्या आजारांच्या वर्गीकरणात परस्परसंमतीच्या अशा वर्तनाला आजार मानलेलं नाही.

मग ही हिंसाच नव्हे का? हा प्रश्न खरा आहे. वात्स्यायन 'पुरे', 'सोड' हे उद्गारही सुखाच्या आवाजांत मोजतो. मला तिथेच खरा धोका दिसतो. आजच्या जाणत्या जोडप्यांचा रिवाज नेमका उलटा आहे: काय चालेल, काय नाही हे आधी बोलायचं, एक थांबवणारा शब्द ठरवायचा, तो उच्चारताच हात थांबलाच पाहिजे आणि दोरी सुटलीच पाहिजे. अर्थात गंभीर दुखापतीला संमतीची ढाल मिळत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम २५ मधली संमतीची मुभा तिथे संपते. पण हिंसेपासूनचा फरक इथेच आहे: नवऱ्याची मारहाण सोसणाऱ्या बाईला असा थांबवणारा शब्दच दिलेला नसतो.