युग्मताऱ्यांतील स्पंदकांचे पुनर्यौवन

इ. स. १९६७ मध्ये केंब्रिज येथे जोसेलिन बेल या संशोधक विद्यार्थिनीला आकाशातील एका स्थानाहून दर १.३३७ सेकंदांनी नियमितपणे येणारी रेडिओ स्पंदने प्रथम आढळली. अशा उगमांस पुढे 'पल्सार' हे नाव मिळाले व मराठीत त्यास 'स्पंदक' म्हणतात. वस्तुतः ही दोन्ही नावे फसवी होत. हा तारा आकुंचन-प्रसरण पावत नाही. तो केवळ स्वतःभोवती फिरतो, आणि दीपगृहाच्या झोताप्रमाणे त्याचा रेडिओ झोत प्रत्येक फेऱ्यास पृथ्वीवरून जातो. परंतु नाव एकदा रूढ झाले, की ते वस्तुस्थितीशी ताडून पाहण्याची तसदी भाषा घेत नाही.

स्पंदक हा न्यूट्रॉन तारा होय. मोठ्या ताऱ्याचा स्फोट झाला म्हणजे त्याचा गाभा दडपला जाऊन सूर्याच्या सुमारे १.४ पट वस्तुमान जेमतेम वीस-पंचवीस किलोमीटर व्यासाच्या गोलात कोंडले जाते. त्याचे प्रबळ चुंबकीय क्षेत्र त्याची भ्रमणशक्ती सतत बाहेर टाकीत राहते, त्यामुळे त्याचा वेग मंदावतो, व काही कोटी वर्षांत झोत विझतो. यावरून जलद फिरणारा स्पंदक तरुण आणि मंद फिरणारा वृद्ध, असा सरळ आडाखा बांधण्यात आला. इ. स. १०५४ मध्ये चिनी निरीक्षकांनी नोंदविलेल्या स्फोटाच्या अवशेषात, म्हणजे खेकडा अभ्रिकेत, सेकंदाला सुमारे ३० फेरे घेणारा स्पंदक सापडल्याने या आडाख्यास बळकटीच आली.

इ. स. १९८२ मध्ये तो कोलमडला. डोनाल्ड बेकर, तसेच महाराष्ट्रातील कुरुंदवाड येथे जन्मलेले श्रीनिवास कुलकर्णी, यांच्या गटाला सेकंदाला तब्बल ६४२ फेरे घेणारा स्पंदक गवसला. आडाख्याप्रमाणे तो नुकताच जन्मलेला असावयास हवा होता. पण त्याच्या सभोवती स्फोटाचा मागमूस नव्हता. त्याचा वेग नगण्य प्रमाणात कमी होत होता. अर्थात त्याचे चुंबकीय क्षेत्रही अत्यंत क्षीण असले पाहिजे, हे ओघानेच आले. वेग बालकाचा आणि इतर सर्व लक्षणे जराजर्जराची, असा हा विरोध होता.

त्याच वर्षी बंगळूर येथील राधाकृष्णन व श्रीनिवासन यांनी, आणि स्वतंत्रपणे अमेरिकेत अल्पार व त्यांच्या सहकाऱ्यांनी, एकच उलगडा सुचविला: हा तारा म्हाताराच आहे, त्याचा वेग मात्र उसना आहे.

हा वेग उसना मिळतो तो सोबत्याकडून. दोन तारे परस्परांभोवती निकट फिरत असून त्यांतील मोठ्याचा प्रथम स्फोट झाला, असे समजावे. पुष्कळदा स्फोटाच्या धक्क्याने जोडी फुटते. ती टिकली, तर सोबत्याचे आयुष्य संथपणे चालू राहते व न्यूट्रॉन तारा यथाकाल निस्तेज होतो. सोबती सूर्याएवढा असेल, तर कित्येक अब्ज वर्षांनी तो फुगू लागतो आणि त्याच्या बाह्य थरांवर न्यूट्रॉन ताऱ्याची ओढ वरचढ ठरते. ओढला गेलेला वायू सरळ खाली कोसळत नाही, कारण कक्षेतील भ्रमणाचा संवेग त्याच्या अंगी असतो; तो चकतीच्या रूपाने घिरट्या घालीत आत सरकतो, तापून क्ष-किरण टाकतो, व शेवटी ताऱ्यावर उतरताना आपला संवेग त्याला देतो. कुंभार चाकाच्या खाचेत काठी घालून त्यास पुनःपुन्हा गती देतो, तसाच हा प्रकार. सूर्याच्या दशांशाएवढे वस्तुमान अशा रीतीने मिळाले, तरी तारा सेकंदाला शेकडो फेरे घेऊ शकतो. याच काळात त्याचे चुंबकीय क्षेत्र सुमारे दहा हजार पटींनी क्षीण होते. का, याविषयी मतैक्य नाही. पुरवठा थांबला की झोत पुन्हा पेटतो, आणि सोबत्याचा श्वेत बटू उरतो.

सोबती जड असल्यास हा पोषणकाल अल्प ठरतो व दुसरा स्फोट होतो. हल्स व टेलर यांनी १९७४ मध्ये शोधलेली, ७.७५ तासांची कक्षा असलेली न्यूट्रॉन ताऱ्यांची जोडी या वाटेची. तिच्यातील स्पंदकाचा भ्रमणकाल ५९ मिलिसेकंद, म्हणजे पुनर्यौवन अर्धवटच.

हे सर्व तर्कसंगत होते, पण मधली अवस्था कोणी पाहिली नव्हती. १९९८ मध्ये सेकंदाला ४०१ फेरे घेणारा, वायू गिळीत असतानाच क्ष-किरणांत स्पंदणारा तारा सापडला आणि पहिला दुवा जुळला. पुढचा पुरावा अधिक नाट्यमय ठरला. ज्या जोडीभोवती २००१ मध्ये चकतीची चिन्हे दिसली होती, तिच्यात २००७ मध्ये रेडिओ स्पंदक आढळला; २००९ मध्ये ही हकीकत प्रसिद्ध झाली, आणि २०१३ च्या जूनमध्ये स्पंदने लुप्त होऊन चकती परत आली. त्याच वर्षी दुसऱ्या एका जोडीने तर काही आठवड्यांतच दोन्ही रूपे दाखविली. म्हणजे हे परिवर्तन एकदाच ओलांडावयाचा उंबरठा नसून तेथे ये-जा चालते, हे सिद्धान्तकारांनाही नवे होते. अशाच तिसऱ्या जोडीतील चकती २०१२ च्या अखेरीस नाहीशी झाली होती, तिच्यातील १.६९ मिलिसेकंदांचा रेडिओ स्पंदक २०१४ मध्ये सापडला, तो नारायणगावाजवळील खोडदच्या महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीस.

मग १९८२ चा तो पहिला स्पंदक एकाकी कसा? त्याला गती देणारा सोबती कोठे गेला? १९८८ मध्ये सापडलेल्या एका स्पंदकाने उत्तराची दिशा दाखविली. सेकंदाला ६२२ फेरे घेणारा हा तारा ज्याने त्यास पोसले त्यालाच आपल्या प्रखर उत्सर्जनाने भाजून काढीत आहे, ९.२ तासांच्या प्रत्येक फेरीत, सोबत्यापासून उडालेल्या वायूच्या आड त्याची स्पंदने काही काळ झाकली जातात. नराला खाणाऱ्या कोळिणीवरून त्यास 'काळी विधवा' म्हणतात. येथे मात्र नाव यथार्थ पडले आहे. सोबती आज सूर्याच्या दोन-तीन शतांश एवढाच उरला आहे. तथापि तो समूळ नाहीसा होण्यास विश्वाचे वय पुरेल काय, याचा हिशेब अद्याप जुळत नाही. आणि तोवर त्या एकाकी स्पंदकाची कथा अपुरीच राहते.