मसाला कधी टाकायचा आणि हळद कशी पारखायची?

अमरावती-अकोल्याच्या बाजारात सांबार मागितला की कोथिंबिरीची जुडी हातात पडते. घरात आपण तिला कोथमीर म्हणतो. नाव काहीही असो, ती गॅस बंद केल्यावरच टाकायची. उकळली की वास उडून जातो. जिरे, लवंग, तेजपान यांचं उलटं, ते सुरुवातीलाच गरम तेलात. हळद आणि धनेपूड कांदा परतल्यावर, चमचाभर पाण्यासोबत टाका, नाहीतर करपून कडू होतात. हळदीचा रंग आणि वास तेलात नीट उतरतो, वरून भुरभुरून काही फायदा नाही.

पण खरी काळजी हळदीचीच आहे. हळकुंडं पिवळीधमक दिसावीत म्हणून काही व्यापारी त्यांना लेड क्रोमेट चोळतात. त्यातलं शिसं लहान मुलांच्या मेंदूला इजा करतं, शिकण्याची क्षमता कमी करतं. आम्ही शिक्षक आहोत, त्यामुळे हे आम्हाला जास्त टोचतं. बांगलादेशात हा प्रकार उघड झाला तेव्हा २०१९ नंतर सरकारला कारवाई करावी लागली.

एफएसएसएआयने सांगितलेली तपासणी सोपी आहे. काचेच्या ग्लासात पाणी घ्या, हळकुंड सोडा. लगेच पिवळा रंग सुटला तर ते घेऊ नका. दळलेल्या पुडीत हे ओळखणं कठीण, म्हणून हळद अख्खीच घ्या. आपल्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यातल्या वायगाव हळदीला तर २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालंय. उन्हात वाळवून डोळ्यांदेखत दळून आणा. रमजानच्या आधी मोहल्ल्यातल्या तीन-चार घरांनी मिळून दळण नेलं तर चक्कीवालाही कुरकुर करत नाही.