यंत्राचा पंचनामा

घरातील दूरचित्रवाणी संच आता केवळ चित्रे दाखवीत नाही. तो स्वतःची रोजनिशीही लिहितो. ‘स्मार्ट’ म्हणविणारा हा संच वस्तुतः संगणकच होय. कोणता प्रोग्रॅम केव्हा सुरू झाला, स्मृती कोठे अपुरी पडली, इंटरनेटची जोडणी कधी तुटली, याची नोंद त्याची कार्यप्रणाली सतत करीत असते. एखादा प्रोग्रॅम कोसळला, तर त्या क्षणीच्या परिस्थितीचा स्वतंत्र अहवाल तयार होतो. कचेरीच्या भाषेत सांगायचे तर पहिली नोंदवही आणि दुसरा पंचनामा. अनेक संच हा पंचनामा इंटरनेटवरून थेट कंपनीकडे धाडतात.

या व्यवस्थेच्या मर्यादा कसारा मार्गावरील उंबरमाळीसारख्या गावात चटकन ध्यानात येतात. वीज एकाएकी गेली की तात्पुरत्या स्मृतीतील नोंदी पुसल्या जातात. वीज परतल्यावर इंटरनेटवरून वेळ मिळेपर्यंत काही संच १ जानेवारी १९७० हीच तारीख धरून चालतात. कारण युनिक्स परंपरेतील कालगणना त्या दिवसापासून होते. जोडणी क्षीण असेल, तर अहवाल घराबाहेर पडतच नाही. दुरुस्तीसाठी आलेल्या कारागिराला मग अंदाजाने काम करावे लागते, आणि त्या अंदाजाची किंमत ग्राहक मोजतो.

परंतु खरा प्रश्न याहून मोठा आहे. नोंदी शाबूत असल्या, तरी संचाच्या मालकाला त्या सहजासहजी वाचता येत नाहीत. शिवाय बिघाडाची नोंद आणि माणसांची नोंद यांतील सीमारेषा कंपन्या पाळतीलच असे नाही. अमेरिकेत ‘व्हिझिओ’ कंपनीने १ कोटी १० लाख संचांवरून, लोक काय पाहतात याची माहिती त्यांच्या संमतीवाचून गोळा केल्याचा आरोप झाला. २०१७ साली २२ लाख डॉलर भरून तिने ते प्रकरण मिटविले. यंत्राच्या आरोग्याची चौकशी निराळी आणि घरच्यांवर पाळत निराळी.

आपल्याकडे वैयक्तिक विदा संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. संमतीची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय ग्राहकाला असावा, असे हा कायदा सांगतो. मराठी त्या अनुसूचीत आहे. घरगुती उपकरणांच्या दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठी केंद्राने २०२२ साली समितीही नेमली होती. या दोन्ही विचारांची सांगड घातली पाहिजे. बिघाडाचा अहवाल संचाच्या पडद्यावरच सोप्या मराठीत वाचता यावा, तो स्थानिक कारागिराला दाखविता यावा, आणि कंपनीकडे पाठवावा की नाही हे मालकाने ठरवावे.

पंचनाम्याला पंच लागतात, आणि सही करण्यापूर्वी तो त्यांना वाचून दाखवावा लागतो. वस्तू आपली, घर आपले. मग त्या घरात होणारा पंचनामा एकट्या कंपनीनेच का वाचावा?