लष्करी रायफलीचा शिकारी अवतार

युद्ध संपले की सैनिक घरी परततात. त्यांच्या रायफलींचे पुढे काय होते? १९४५ मध्ये दुसरे महायुद्ध संपले, तेव्हा अनेक देशांच्या शस्त्रागारांत बोल्ट ओढून चालवायच्या रायफलींचे ढीग पडले होते. ब्रिटिशांची ली-एनफिल्ड, म्हणजे आपल्या पोलिसांच्या खांद्यावर वर्षानुवर्षे दिसलेली थ्री-नॉट-थ्री, जर्मनांची माउझर, अमेरिकनांची स्प्रिंगफील्ड. सैन्यांना आता आपोआप भरणाऱ्या रायफली हव्या होत्या. जुन्या मोडीत निघाल्या आणि त्यांतल्या कितीतरी शिकाऱ्यांच्या हाती गेल्या. त्यांचे रूप कसे पालटले आणि त्यात काय हरवले, याविषयी मला आज बोलायचे आहे.

सैनिकाची गरज वेगळी, शिकाऱ्याची वेगळी. सैनिक भराभर गोळ्या झाडतो, नळी तापते. हात भाजू नये म्हणून ली-एनफिल्डला थेट तोंडापर्यंत लाकूड असते. पुढे संगीन अडकवण्याची सोय असते. शिकारी दिवसभर रान तुडवतो आणि एखाद-दुसरीच गोळी झाडतो. त्याला हे सारे ओझेच. म्हणून पहिली करवत चालते ती लाकडावर. संगिनीची सोय निघते, कधी नळीही आखूड होते आणि दस्ता खांद्याला बसेल असा तासला जातो.

मग येते दुर्बीण. संधिप्रकाशात नेम धरायला ती फार उपयोगी. पण माउझरच्या बोल्टची मूठ उचलली की ती दुर्बिणीला अडते. म्हणून मूठ वाकवायची, सेफ्टीचा खटका बदलायचा आणि दुर्बीण बसवायला पोलादात भोके पाडायची. हे काम कसबाचे आहे, आणि एकदा केले की परतीचा रस्ता नाही.

ही कल्पना युद्धानंतरची नव्हे. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी स्प्रिंगफील्ड रायफल आपल्या सोयीप्रमाणे करून घेतली होती. १९०९ च्या आफ्रिकेतील शिकारीत ती त्यांच्यासोबत होती. युद्धानंतर मात्र ही चैन सामान्यांच्या आवाक्यात आली. इंग्लंडात बर्मिंगहॅमच्या पार्कर-हेल कंपनीने ली-एनफिल्डना सुबक शिकारी रूप दिले. अमेरिकेत सॅम्युअल कमिंग्ज यांनी १९५३ मध्ये इंटरआर्म्स ही कंपनी काढून देशोदेशींचा लष्करी साठा आणून विकला. नव्या रायफलीच्या किमतीच्या अंशात जुनी मिळे. ती घरी आणून करवत, कानस आणि पॉलिशकागद घेऊन हौशी माणसे कामाला लागत.

या स्वस्ताईची काळी बाजूही होती. मार्च १९६३ मध्ये ली हार्वे ओसवाल्डने खोट्या नावाने टपालाने एक इटालियन लष्करी रायफल मागवली. १९४० साली बनलेली. तिच्यात वेगळे एवढेच, की वर दुर्बीण चढवलेली. किंमत १९ डॉलर ९५ सेंट. त्याच वर्षी २२ नोव्हेंबरला अध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली. पुढे १९६८ च्या कायद्याने टपालाने होणारी अशी विक्री आणि परदेशी लष्करी साठ्याची आयात दोन्ही रोखली. जुन्या, संग्रहयोग्य शस्त्रांपुरती आयातीची वाट १९८४ मध्ये पुन्हा उघडली.

आपल्याकडे वाट निराळी. थ्री-नॉट-थ्रीची गोळी सरकारी दलांची म्हणून तो बोअर नागरिकांना निषिद्ध. तेव्हा जुन्या रायफली कापण्याऐवजी बंगालमधील ईशापूरच्या कारखान्यात ली-एनफिल्डच्याच रचनेवर .३१५ बोअरची स्पोर्टिंग रायफल बनू लागली. १९७२ चा वन्यजीव कायदा आणि त्यात नंतर झालेल्या दुरुस्त्या यांनी शिकार थांबली, तरी ‘स्पोर्टिंग’ हे नाव तिला चिकटून राहिले. एक गोष्ट मुद्दाम सांगतो : परवाना असला, तरी स्वतंत्र परवानगीशिवाय बंदुकीची नळी आखूड करणे हा आपल्या कायद्याने गुन्हा आहे.

आता हरवले काय, ते सांगतो. ली-एनफिल्ड आणि माउझर यांच्या कोट्यवधी रायफली बनल्या. त्या कधी दुर्मिळ होतील असे कुणाला वाटले नव्हते. आज संग्राहक शोधतात ती न कापलेली रायफल. तिचे मूळ लाकूड, जुळणारे क्रमांक, कारखान्याचे आणि पलटणीचे शिक्के यांवरून ती कुठे बनली, कुणाकडे होती हे वाचता येते. तासलेल्या दस्त्याबरोबर हा मजकूरही जातो. म्हणून कापलेली रायफल सहसा मूळ रायफलीपेक्षा कमी भावाला जाते. लाकूड नवे बसवता येते; कापलेली नळी वाढवता येत नाही.

त्या हौशी माणसांना मी दोष देणार नाही. युद्धासाठी बनलेल्या वस्तूने त्यांच्या घरी चार जणांचे जेवण आणले, हेही काही वाईट नव्हे. मात्र आज घरातली एखादी जुनी वस्तू ‘अशा पुष्कळ आहेत’ म्हणून आपण तोडायला निघालो, तर आधी तिच्यावरचे शिक्के तेवढे वाचून घ्यावेत.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)